घोडा तयार, मूल तयार, वेळापत्रकाचे काय?

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला उपचारासाठी घोड्यावर बसवायचे, तर त्या एका सत्राला किती जण लागतात? एक प्रशिक्षक. दोरी धरून घोड्याला चालवणारा एक. तोल गेला तर सावरायला दोन्ही बाजूंनी चालणारे दोघे. शिवाय मुलाच्या वजनाला आणि शरीराच्या ठेवणीला मानवणारा शांत घोडा. प्रशिक्षक सोडला, तर यातली बहुतेक माणसे स्वयंसेवक असतात. त्यांच्यापैकी एकाने सकाळी ‘आज जमत नाही’ असे कळवले आणि बदली माणूस मिळाला नाही, की सत्र रद्द होते. मग घोडा पागेत उभा राहतो आणि आईने खास त्यासाठी काढलेली रजा वाया जाते.

अश्वोपचार संस्थांना मदत करायची म्हटले, की चारा, नालबंदी, पशुवैद्याचे बिल एवढेच डोळ्यांपुढे येते. तो खर्च मोठा असतोच. पण हाताशी असलेला घोडा, माणूस आणि मैदानाचा वेळ नीट जुळला नाही, तर तोही खर्च पाण्यात जातो. हे जुळवून देण्याचे काम महाविद्यालयीन विद्यार्थी उत्तम करू शकतात, आणि त्यांच्याकडून ते मागितले पाहिजे.

या उपचारांमागे मोठी परंपरा आहे. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना १९४४ मध्ये पोलिओ झाला आणि गुडघ्याखालचे पाय कायमचे लुळे पडले. तरीही १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ‘ज्युबिली’ या घोडीवर स्वार होऊन त्यांनी ड्रेसाजमध्ये रौप्यपदक मिळवले. त्यांच्या यशाने युरोपात उपचारासाठीच्या घोडेस्वारीला मोठी चालना मिळाली. १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये ‘रायडिंग फॉर द डिसेबल्ड असोसिएशन’ उभी राहिली आणि त्याच वर्षी अमेरिकेतही अशीच राष्ट्रीय संघटना स्थापन झाली.

घोडा चालताना स्वाराच्या कमरेला जी लय मिळते, ती माणसाच्या स्वतःच्या चालण्याशी मिळतीजुळती असते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या १५ मुलांवरचा एक छोटा अमेरिकी अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. केवळ ८ मिनिटे घोड्यावर बसलेल्या मुलांच्या स्नायूंच्या कामातला डावा-उजवा फरक कमी झाला. स्थिर पिंपावर बसवलेल्या मुलांमध्ये तसा बदल दिसला नाही. एवढ्याशा अभ्यासावरून मोठे दावे करता येत नाहीत. मात्र कोणत्याही शरीरोपचाराप्रमाणे इथेही नियमितपणा लागतो, आणि सत्रे वारंवार रद्द झाली की तोच मोडतो.

आता वेळापत्रकाचे कोडे पाहा. घोड्याने त्याच्या वजनाच्या साधारण एक पंचमांश भार, खोगिरासह, वाहावा असा ठोकताळा आहे. म्हणजे ४०० किलोच्या घोड्यावर ८० किलो. त्याला मधे विश्रांती हवी, ओळीने किती सत्रे करायची यालाही मर्यादा हवी. रुंद पाठीचा घोडा मांड्या आखडलेल्या मुलाला चालत नाही. एखाद्या स्वयंसेवकाला दोरी धरता येते, पण मुलाला आधार देण्याचे प्रशिक्षण त्याने घेतलेले नसते. नुसते १० स्वार आणि १० घोडे घेतले, तरी त्यांच्या जोड्या ३६ लाख २८ हजार ८०० प्रकारे लावता येतात. असे प्रश्न झटपट सोडवण्याची रीत हॅरल्ड कून यांनी १९५५ मध्ये मांडली आणि संगणकशास्त्राच्या अनेक विद्यार्थ्यांच्या अभ्यासक्रमात ती असते. परीक्षेत १० गुणांसाठी लिहिलेले उत्तर इथे एका मुलाचे सत्र वाचवू शकते.

पण संगणक उघडण्याआधी विद्यार्थ्यांनी पागेत उभे राहायला हवे. कोणता घोडा छत्री पाहून बुजतो, कोणते मूल कुणाच्या हाताला सरावले आहे, हे सारे समन्वयकाच्या डोक्यात असते. ते ऐकून, लिहून, नियमांत बसवणे हे कामाचे पहिले अर्धे. दुसरे अर्धे साधेच असावे: एकच सामायिक वेळापत्रक, कोण कशासाठी प्रशिक्षित आहे याची नोंद, राखीव स्वयंसेवकांची यादी आणि कुणी गळाले की योग्य त्याच माणसांना लगेच जाणारा निरोप. बऱ्याचदा त्यासाठी नीट बांधलेली एक्सेलची फाइल पुरते. कोणते मूल कोणत्या घोड्यावर बसणार, हा शेवटचा शब्द मात्र प्रशिक्षकाचाच राहिला पाहिजे. मुलांच्या आजाराची माहितीही गरजेपुरतीच नोंदवावी आणि मोजक्याच लोकांना दिसावी.

अशा कामाचा खरा शत्रू म्हणजे परीक्षा. शैक्षणिक सत्र संपते, विद्यार्थी पांगतात आणि त्यांनी केलेले ॲप वर्षभरात बंद पडते. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने १९९५ मध्ये सुरू केलेल्या ‘एपिक्स’ उपक्रमाने यावर उत्तर शोधले. तिथे सामाजिक संस्थांसाठी काम करणाऱ्या एकाच गटात पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंतचे विद्यार्थी असतात, संस्थेशी नाते अनेक वर्षांचे असते, आणि जुने जाताना नव्यांच्या हाती काम सोपवून जातात. शिवाय या कामाला अभ्यासक्रमात श्रेयांक मिळतात.

महाराष्ट्रात यासाठी वेगळी योजना आखण्याची गरज नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाकडून वर्षाला १२० तासांची सेवा अपेक्षित असते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या अभ्यासक्रमात समाजसहभाग प्रकल्पही आला आहे. हे तास वृक्षारोपणाच्या छायाचित्रांत आणि प्रभातफेऱ्यांत संपवायचे, की एखाद्या विशेष शाळेचे, डायलिसिस केंद्राचे किंवा अश्वोपचार केंद्राचे वेळापत्रक सुधारण्यात लावायचे, हे प्राचार्यांच्या आणि प्राध्यापकांच्या हातात आहे. त्यांनी या वर्षी आपल्या गावातल्या एका तरी संस्थेकडे जाऊन विचारावे, की गेल्या महिन्यात किती सत्रे रद्द झाली आणि कशामुळे. त्या उत्तरातूनच विद्यार्थ्यांचा प्रकल्प ठरवावा, आणि गुण देताना रद्द होणारी सत्रे किती कमी झाली हे पाहावे.