कराराच्या कागदावर रुग्णही हवा

मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
राज्य आरोग्य हमी सोसायटी, मुंबई



पोहरादेवीहून हे पत्र लिहितो आहे. वाशिम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यातलं आमचं गाव संत सेवालाल महाराजांच्या समाधीमुळे देशभरच्या बंजारा समाजाला ठाऊक आहे. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते इथल्या बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं, तेव्हा उरलेल्या महाराष्ट्रालाही ते कळलं. मला बोलायचं आहे ते आपण रुग्णालयांशी करता त्या कराराबद्दल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा सारा डोलारा त्या करारावर उभा आहे, आणि ज्याच्यासाठी तो केला, त्या माणसाने तो कधी डोळ्यांनी पाहिलेला नाही.

योजनेचं मोल आम्ही जाणतो. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर गेली. शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या १४ जिल्ह्यांत वाशिमही होता, म्हणून इथल्या पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांनाही तिचा आधार मिळाला. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने दीड लाखाचं संरक्षण पाच लाखांवर नेलं आणि सगळ्याच कुटुंबांना दार उघडलं. या योजनेमुळे वाचलेली माणसं आमच्या तांड्यांत आज कामाला जाताना दिसतात.

शेजारच्या तांड्यातल्या एका मजुरासोबत मी रुग्णालयात गेलो होतो. दारावर योजनेचा फलक होता, आत योजनेच्या मदतनीसाचं, म्हणजे आरोग्यमित्राचं टेबल होतं, शिधापत्रिका आणि आधार दाखवून झालं होतं. तरी मंजुरी येईपर्यंत अनामत भरा, असं सांगण्यात आलं. पावती मागितली तेव्हा वहीचं एक पान फाडून हातात दिलं. त्यावर आकडा आणि खाली ‘औषधे’ एवढा एकच शब्द, ना शिक्का, ना सही. त्याच्या बायकोने डोरलं गहाण टाकलं. मंजुरी आली, ऑपरेशन झालं, माणूस बरा झाला, पण भरलेले पैसे काही परत आले नाहीत. तपासण्या, औषधं, जेवण, इतकंच काय, घरी परतायचं एसटीचं भाडंही योजनेच्या पॅकेजमध्येच धरलेलं असतं, हे त्याला घरी आल्यावर कळलं. तक्रार कर म्हटलं तर म्हणाला, “उद्या पुन्हा तिथंच जावं लागलं तर?”

रुग्णालयवाल्यांचंही म्हणणं असतं. ठरलेले दर परवडत नाहीत, बिलांचे पैसे वेळेवर येत नाहीत. लहान गावात रुग्णालय चालवणं किती जड जातं, हे आम्हाला दिसतं, आणि त्यांचे पैसे मुदतीत देणं हे आपलं कर्तव्यच आहे. पण ते देणंघेणं सोसायटी आणि रुग्णालय यांच्यातलं. त्याचा भुर्दंड खाटेवरच्या माणसावर का? अमेरिकेत विमा कंपनी आणि रुग्णालय यांच्यातल्या करारांवर तिथल्या राज्यांचं नियंत्रण असतं. विमा कंपनीने पैसे थकवले, अगदी तिचं दिवाळं वाजलं, तरी करारात आलेल्या उपचाराचं बिल रुग्णाकडे मागता येणार नाही, हे कलम तिथे करारातच घालावं लागतं. तसंच ठळक कलम आपल्या करारात हवं, आणि ते मोडलं तर घेतलेली रक्कम दंडासह थेट रुग्णाच्या खात्यात जमा व्हायला हवी. दंड सोसायटीकडे भरून रुग्णाचं डोरलं सुटत नाही.

दुसरी गोष्ट मला याहून गंभीर वाटते. रुग्णालय अंगीकृत आहे, म्हणजे योजनेच्या करारात सामील आहे, म्हणून तिथे सगळ्याच आजारांवर योजना लागू, असं नसतं. ते ठराविक विशेषज्ञ सेवांपुरतंच अंगीकृत असू शकतं, आणि उद्या यादीतून बाहेरही पडू शकतं. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस लागणाऱ्याला किंवा केमोथेरपी अर्ध्यावर असलेल्या बाईला हे दारात गेल्यावर कळलं, तर त्यांनी काय करावं? सुरू असलेला उपचार पुरा होईपर्यंत किंवा दुसरीकडे खात्रीची सोय लागेपर्यंत रुग्णालयाला हात वर करता येऊ नयेत. बाहेर पडण्याची आगाऊ सूचना ग्रामपंचायतीला आणि आशाताईंना मिळाली पाहिजे.

अंतराचंही तसंच. जिल्ह्यात किती रुग्णालयं अंगीकृत आहेत, या आकड्यावर आमचं समाधान होत नाही. पोहरादेवीची माणसं दिग्रसला जातात, पुसदला जातात, यवतमाळला वसंतराव नाईकांच्या नावाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जातात. जिल्ह्याची हद्द आजाराला ठाऊक नसते. कॅलिफोर्नियात १९७५ च्या नॉक्स-कीन कायद्याखाली जे नियम आहेत, त्यांत रुग्णालय घरापासून किंवा कामाच्या जागेपासून १५ मैल किंवा ३० मिनिटांच्या आत असावं, असं माप ठरवलेलं आहे. आमच्या रस्त्यांना जमेल असं माप आपण ठरवा, पण ते गावापासून आणि आजारागणिक मोजा.

विम्याचा हप्ता भरणाऱ्यांसाठी विमा नियामकाने मे २०२४ मध्ये परिपत्रक काढलं आहे. कॅशलेसच्या अर्जावर तासाभरात निर्णय, आणि डिस्चार्जच्या वेळी अंतिम मंजुरी तीन तासांत. खासगी रुग्णालयांनी दर आणि रुग्णहक्कांची सनद लावावी, हेही शुश्रूषागृह नोंदणीच्या २०२१ च्या सुधारित नियमांत आलं आहे. मग सरकारी योजनेतल्या कराराची कलमंही त्याच भिंतीवर, मराठीत, मोठ्या अक्षरांत लागायला काय हरकत आहे?

रामनवमीच्या यात्रेला इथे लाखो माणसं येतात. त्या दिवसांत सोसायटीने पोहरादेवीत एक मंडप घालावा. कोणत्या रुग्णालयात कोणत्या आजारावर उपचार होतात, कोणता पैसा मागता येत नाही आणि मागितला तर कुठे जायचं, हे मराठीत आणि आमच्या गोरमाटी बोलीत समजावून सांगणारी माणसं तिथे बसवावीत. गेल्या वर्षभरात अनामत भरलेल्यांच्या तक्रारी तिथेच लिहून घ्याव्यात आणि पोच द्यावी. मंडपाच्या जागेसाठी आणि गोरमाटी बोलणाऱ्या स्वयंसेवकांसाठी तांड्यांच्या नायक-कारभाऱ्यांशी बोलायला मी तयार आहे. आपलं उत्तर लेखी यावं, ही विनंती.

आपला नम्र,
पोहरादेवीचा एक रहिवासी