आधी नोंद, मग जेसीबी

बोरघाटाच्या गाडीरस्त्याला १० नोव्हेंबर २०३० रोजी दोनशे वर्षे पूर्ण होतील. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८३० साली त्याच तारखेला हा घाट चाकाच्या वाहनांसाठी खुला केला. कॅप्टन ह्यूजेस यांच्या देखरेखीखाली वर्षभराच्या आतच काम उरकले होते. त्याआधी १८०४ साली जनरल वेलस्लीने तोफा वर चढाव्यात म्हणून घाटाची वाट सुधारून घेतली होती. पण व्यापारी माल तेव्हाही बैलांच्या पाठीवरून, तांड्यांनीच जात असे. १८३० नंतर लादलेली गाडी खोपोलीहून खंडाळ्याला चढू लागली आणि देश व कोकण यांच्यातल्या व्यवहाराचे गणितच बदलले. पुढे याच चढाने मोटारीही वर नेल्या. महाराष्ट्रातल्या मोटाररस्त्यांचा इतिहास लिहायचा झाला तर त्याचे पहिले पान खालापूर तालुक्यातल्या या चढावर उघडावे लागेल.

त्या पानाचे आपण काय केले? ५ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीने मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग ओस पडलेला असताना, घाटातला जुना अमृतांजन पूल सुरुंग लावून पाडण्यात आला. कारण खोटे नव्हते. पुलाचे खांब थेट मार्गिकांमध्ये येत, तिथे वाहने तुंबत, अपघात होत. हा पूल ठेवायला हवा होता की नाही, यावर दोन प्रामाणिक मते असू शकतात. आमची तक्रार वेगळी आहे. बातम्यांनी त्याला १९० वर्षांचा म्हटले, कारण १८३० हे साल घाटरस्त्याचे. पण पुलाच्या अंगालाच रेल्वेचे जुने रिव्हर्सिंग स्टेशन होते आणि लोहमार्ग घाटात आला तो रस्त्यानंतर तीसेक वर्षांनी. उभा होता तो पूल रस्त्याचा की रेल्वेचा, की एकाच्या पायावर दुसऱ्याने बांधलेला? चुन्याचा नमुना, चिऱ्यांची घडण, कमानीची मापे आणि दप्तरातले जुने नकाशे एकत्र मांडले असते तर उत्तर मिळाले असते. सुरुंगाची तयारी व्हायला काही दिवस लागतात. तेवढ्यात पुराणवास्तूंचा जाणकार, मोजणीदार आणि छायाचित्रकार अशी माणसे तिथे उभी करणे अवघड नव्हते. दगड गेले, आणि त्यांच्याबरोबर तो प्रश्न सोडवण्याची सोयही गेली.

बोरघाटाच्या रस्त्याला एक आयुष्य नव्हे, निदान तीन आयुष्ये आहेत. पहिले बैलगाड्यांचे. दुसरे फार थोड्यांना ठाऊक आहे. मुंबईहून निघालेली आगगाडी १८५६च्या मे महिन्यात पळसदरीमार्गे खोपोलीला पोहोचली. वर खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १८५८च्या जूनमध्ये सुरू झाला. मधला सह्याद्री मात्र फुटायचा होता. जेम्स बर्कली यांनी आखलेला, पंचवीस बोगद्यांचा तो घाटमार्ग १८६३ साली पुरा झाला. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली आल्यानंतर थोड्याच दिवसांत वारले आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी कंत्राट पुढे चालवले. १८६१च्या सुमारास चाळीस हजारांवर मजूर या डोंगरात खपत होते. १८५८ ते १८६३ ही पाच वर्षे दोन लोहमार्गांच्या मधला सांधा म्हणून हा रस्ताच राबला. खोपोलीला गाडीतून उतरलेला प्रवासी पालखीत, तट्टावर नाहीतर बैलगाडीत बसून खंडाळा गाठायचा आणि तिथून पुन्हा आगगाडी धरायचा. लोहमार्ग बांधणाऱ्यांचे सामानसुमान, धान्य, हत्यारे हीही याच चढाने गेली. रेल्वेच्या पराक्रमावर ग्रंथ निघाले. तिला पाठीवर घेऊन चढलेल्या रस्त्यावर एखादे प्रकरणही धड निघाले नाही.

लोहमार्ग झाल्यावर रस्ता मागे पडला. त्याला तिसरे आयुष्य दिले मोटारीने. मुंबईत १८९८च्या सुमारास पहिल्या मोटारी आल्या, त्यांच्या मालकांत जमशेटजी टाटा होते. पुढच्या दोन-तीन दशकांत मोटार घाट चढू लागली आणि बैलगाडीसाठी बांधलेला रस्ता कसोटीला लागला. यातली यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे. खडीच्या रस्त्यावर गाडीची लोखंडी धाव खडी दाबते, तिचा चुरा करते आणि तोच चुरा पाण्याबरोबर फटींत बसून रस्त्याला घट्ट धरतो. मोटारीचे हवा भरलेले रबरी चाक याच्या उलट करते. वेगाने फिरताना ते मधली बारीक भुकटी उपसून उडवते. खडी मोकळी होते आणि रस्ता उखडतो. ही अडचण एकट्या बोरघाटाची नव्हती. १९०८ साली पॅरिसमध्ये पहिली आंतरराष्ट्रीय रस्ते परिषद भरली तीच मुख्यतः मोटारीच्या धुळीवर उपाय शोधायला. डांबर रस्त्यावर आले ते या गरजेतून.

म्हणून जुन्या घाटरस्त्याची एखादी कड पावसात ढासळलेली दिसली तर तिच्याकडे जरा थांबून पाहावे. तळाला हाताने उभे रचलेले मोठे दगड, म्हणजे सोलिंग. त्यावर फोडलेली खडी आणि मुरूम. त्यावर डांबराचा थर, मग आणखी एक, आणि मग अलीकडचा जाड थर. चिऱ्यांच्या मोरीचे तोंड जवळून पाहिले तर मूळच्या सांध्यात चुना आणि नंतर रुंद केलेल्या भागात सिमेंट, असा फरक साध्या डोळ्यांनी ओळखता येतो. कुठे रस्ता किती फूट वाढला, कुठले वळण मोटारीसाठी सैल केले, कुठला कठडा जुना आणि कुठला नंतरचा, हे सगळे या दगडांत नोंदलेले असते. ते वाचायला उत्खननाच्या मोठ्या मोहिमेची गरज नाही. रस्ते खात्याचा जाणता अभियंता आणि पुरातत्त्वाचा विद्यार्थी बरोबर फिरले तरी पुरे.

या इतिहासात मराठी माणसाचे नावही ठळक आहे. हिंदुस्थानातल्या रस्त्यांचा विचार करण्यासाठी १९२७ साली नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. वाढत्या मोटारींना पेलतील असे रस्ते करणे प्रांतांच्या आवाक्याबाहेर गेले आहे, त्यात मध्यवर्ती सरकारने हात घातला पाहिजे आणि त्यासाठी पेट्रोलवर जादा कर घ्यावा, ही या समितीची दिशा. त्यातून १९२९ साली केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला, १९३४ साली भारतीय रस्ते काँग्रेस स्थापन झाली. आज पेट्रोल भरताना आपण रस्त्यासाठी जो पैसा मोजतो, त्याची मुळे तिथवर जातात. आपल्या मुलांना बोरघाटाच्या बोगद्यांची संख्या कधीमधी शिकवली जाते, जयकर समितीचे नाव मात्र स्पर्धा परीक्षेच्या गाइडबाहेर भेटत नाही.

आगगाडीच्या जुन्या वस्तूंना प्रतिष्ठा मिळाली आहे, आणि ती मिळायलाच हवी. शेजारच्या कर्जत तालुक्यात नेरळ–माथेरानची छोटी गाडी १९०७पासून आहे. २००५च्या अतिवृष्टीत मार्ग वाहून गेला तेव्हा ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून लोक हळहळले, सरकार हलले. रस्त्याच्या वाट्याला ही माया येत नाही, कारण रस्ता वापरात असतो आणि वापरातली वस्तू जुनी वाटत नाही. त्याच्यावरच नवा थर पडतो. रस्ता मरतो तोही असा, अंगावर एकेक थर घेत. आणि वाहतूक दुसरीकडे वळली की त्याच्याकडे कोणी फिरकत नाही. मग कठड्याचे चिरे कुणाच्या बंगल्याच्या कुंपणात दिसतात.

वाहतूक दुसरीकडे वळण्याची ही वेळ आता बोरघाटावर आली आहे. घाटात जुना महामार्ग आणि द्रुतगती मार्ग काही अंतर एकाच वाटेने जातात आणि तिथेच कोंडी होते. खोपोली ते कुसगाव ही मिसिंग लिंक, म्हणजे बोगद्यांचा नवा जोडमार्ग, आखली गेली ती हा घाट टाळण्यासाठी. वाहतूक बोगद्यांतून वळली, की जुन्या चढावरचा भार हलका होणार. जपणुकीचा विचार करायला याहून चांगला मुहूर्त नाही, आणि दुर्लक्षाला याहून सोपे निमित्तही नाही.

अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर विल्यम व्हँडरबिल्ट यांनी केवळ मोटारींसाठी खासगी टोलरस्ता बांधला; त्याचा पहिला टप्पा १९०८ साली खुला झाला. नवे सरकारी, बिनटोलाचे रस्ते झाले तशी त्याची रया गेली आणि १९३८ साली थकलेल्या करांपोटी तो सरकारजमा झाला. पुढे बहुतेक रस्ता घरांखाली आणि शेतांत गडप झाला. पण क्वीन्स भागातला तुकडा पादचारी आणि सायकलस्वारांसाठी राखला गेला, २००२ साली त्याची राष्ट्रीय ऐतिहासिक नोंदवहीत नोंद झाली. गार्डन सिटी गावातले टोलवाल्याचे एक छोटे घर उचलून दुसऱ्या जागी नेऊन जपले आहे. तीस वर्षेच चाललेला रस्ता त्यांनी तुकड्यातुकड्यांनी शोधून काढला. आपला रस्ता त्याहून किती जुना आणि अजून चालता!

फार लांब जायचे नसेल तर मुंबई आहे. फोर्टमधल्या सेंट थॉमस कॅथेड्रलपासून अंतर मोजणारे ब्रिटिशकालीन मैलाचे दगड पदपथांत अर्धेअधिक गाडले गेले होते. अभ्यासकांनी पाठपुरावा केला, महापालिकेने ते वर काढून नीट बसवले. एवढीशी गोष्ट, पण त्यामुळे शहराचा जुना रस्ता पुन्हा डोळ्यांपुढे आला.

हे सगळे खोपोलीपुरते नाही, म्हणूनच कडावचा विषय काढायचा. कर्जत–मुरबाड रस्त्यावरचे कडाव लोकांना ठाऊक आहे ते बालदिगंबर गणपतीसाठी आणि भातशेतीसाठी. पण या गावाच्या अंगाने जाणारा रस्ता मोठ्या घाटाला बाजूने पाणी पुरवणाऱ्या ओढ्यासारखा आहे. कुसूर, सावळे या घाटवाटांनी मावळातून उतरणारा माणूस या पट्ट्यात येई. काशेळे, कडाव, कर्जत असे टप्पे गाठत माल लोहमार्गापर्यंत जाई. आता शहापूर–मुरबाड–कर्जत–खोपोली हा राष्ट्रीय महामार्ग ५४८अ आहे. रुंदीकरण हवेच. कर्जतहून मुरबाडकडे जाणाऱ्या आजाऱ्याला, बाळंतिणीला, विद्यार्थ्याला चांगला रस्ता मिळणे ही चैन नाही. मात्र रुंदीकरणात सगळ्यात आधी जातात त्या कडेच्या गोष्टी: मोरी, मैलाचा दगड, विहीर, आंब्याची जुनी रांग, धर्मशाळेचा चौथरा. काँक्रिटचा रस्ता काही दशकांच्या हिशेबाने होतो. त्याच्याखाली जे गेले ते आपल्या हयातीत पुन्हा दिसणार नाही.

दगडांइतकेच माणसांकडेही पाहायला हवे, आणि इथे वेळ आणखी कमी आहे. रस्त्याचा खरा जाणकार मैलकुली. आपल्या वाट्याच्या मैलातली कुठली मोरी कुठल्या नक्षत्रात तुंबते, कुठे दरड सुटते, हे त्याला ठाऊक असे. खडी फोडणाऱ्या बायका, रोलरवाले, घाटाच्या पायथ्याला रेडिएटरसाठी पाण्याचे डबे भरून ठेवणारे, चढावर गाडी मागे सरकू नये म्हणून दगड हातात घेऊन चाकाबरोबर धावणारे क्लीनर, दादर–पुणे टॅक्सीवाले, एसटीचे जुने चालक. यांतले जे आज ऐंशीच्या घरात आहेत त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित केल्या नाहीत तर त्या कोणत्याही दप्तरात सापडणार नाहीत. घाटातल्या शिंग्रोबाच्या देवळाशी गाडी हळू करून नाणे टाकणारे चालक आजही दिसतात. घाटाची वाट गोऱ्या साहेबाला दाखवणाऱ्या आणि त्यापायी जीव गमावणाऱ्या धनगराची ही कथा. ती कागदोपत्री सिद्ध होते की नाही हा भाग वेगळा. पण डोंगराचे ज्ञान कोणाचे होते आणि फलकावर नाव कोणाचे लागले, ही खंत लोकांनी तिच्यात जपली आहे. इतिहासकाराने माल्कमचा फलक आणि शिंग्रोबाचे देऊळ दोन्ही सारख्याच गांभीर्याने नोंदले पाहिजेत.

वारशाच्या नावाखाली कामे अडतात, असा आक्षेप येईल आणि तो अगदीच बिनबुडाचा नाही. घाटात माणसे मरतात. वळण सरळ करून जीव वाचणार असेल तर वळण सरळ करावे. आम्ही मागतो ते एवढेच, की तोडण्याआधी मोजावे. महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ, सार्वजनिक बांधकाम विभाग आणि मध्य रेल्वे यांनी कर्जत–खालापूर पट्ट्यातल्या कामांच्या निविदांतच एक कलम घालावे: शंभर वर्षांहून जुनी वाटणारी मोरी, पूल, कठडा किंवा मैलाचा दगड हलवण्याआधी त्याची मापे, आराखडा, छायाचित्रे आणि चुन्या-दगडाचे नमुने घ्यायचे, आणि ते राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे द्यायचे. शंभर वर्षांची अट १९५८च्या केंद्रीय कायद्यातही प्राचीन स्मारकासाठी आहेच, ती नवी कल्पना नव्हे. निविदेच्या रकमेपुढे हा खर्च नगण्य आहे. काढलेला मैलाचा दगड ठेकेदाराच्या डंपरमध्ये न जाता जवळच्या ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या आवारात, मूळ जागेची नोंद कोरून, उभा करावा.

रायगडच्या जिल्हाधिकाऱ्यांनी या तिन्ही यंत्रणांना आणि पुरातत्त्व विभागाला एका टेबलाशी बसवावे. खोपोलीत नाना फडणवीसांनी बांधलेल्या तलावापासून शिंग्रोबा, रिव्हर्सिंगची जागा आणि खंडाळ्यापर्यंत जुन्या रस्त्याचा प्रत्येक शाबूत तुकडा नकाशावर आणावा. मुंबई व पुण्याच्या पुराभिलेखागारांतली घाटाची जुनी कागदपत्रे चाळण्याचे काम विद्यापीठांनी संशोधनाचा विषय म्हणून द्यावे. कर्जत, खोपोलीच्या महाविद्यालयांतले राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी यंदाच्या हिवाळी शिबिरात कडावपासून खोपोलीपर्यंतच्या मोऱ्या मोजू शकतात. त्याला फीत, वही आणि मोबाइलचा कॅमेरा पुरतो. द्विशताब्दीच्या दिवशी फीत कापायला पाहुणे येतीलच. त्यांच्या हाती देण्यासाठी तोवर हा नकाशा छापून तयार असला पाहिजे, आणि त्यासाठी मोजणीला पहिला माणूस या पावसाळ्यानंतर, गवत वाळून दगड उघडे पडताच, घाटात उतरला पाहिजे.