एक्स्चेंजमधील गाळा कोणाचा?

एखाद्या व्यापाऱ्याला बाजार समितीत व्यापार करण्याचा रीतसर परवाना मिळाला, परंतु आवारातील सगळे गाळे त्याच्या प्रतिस्पर्ध्याच्याच ताब्यात राहिले, तर त्या परवान्याचे मोल काय, हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही. टेलिफोनच्या व्यवसायात स्पर्धा आणण्याचे जे प्रयोग देशोदेशी झाले, त्यांचे यशापयश पुष्कळ अंशी याच साध्या प्रश्नावर ठरले. नव्या कंपनीला जुन्या कंपनीच्या टेलिफोन केंद्रात आपली यंत्रे ठेवायला जागा मिळाली की नाही? या व्यवस्थेला ‘कोलोकेशन’ असे भारदस्त इंग्रजी नाव आहे. प्रश्न मात्र घरमालक आणि भाडेकरू यांचाच आहे. आणि तोही अशा घरमालकाचा, ज्याला भाडेकरूचे दुकान चालू नये असे मनापासून वाटते.

प्रत्येक घरातून निघालेली तांब्याच्या तारांची जोडी जमिनीखालून जात जात अखेर विभागाच्या टेलिफोन केंद्रात एका भल्यामोठ्या लोखंडी चौकटीवर येऊन संपते. ही तार एकदाच टाकली जाते. प्रत्येक नव्या कंपनीने रस्ते खणून घरोघर स्वतःची तार न्यावी, असे म्हणणे म्हणजे तिला येऊ नका असे सांगणेच होय. तेव्हा जुनीच तार भाड्याने घेऊन तिच्यावरून सेवा देणे हा एक मार्ग उरतो. परंतु तांब्याच्या तारेवरून इंटरनेटचा वेगवान प्रवाह काही किलोमीटरांपलीकडे क्षीण होतो. म्हणून नव्या कंपनीचे यंत्र त्या चौकटीच्या शेजारीच, त्याच इमारतीत बसवावे लागते. त्यासाठी चार हात जमीन हवी, बॅटरीवरचा ४८ व्होल्टचा अखंड वीजपुरवठा हवा, वातानुकूलन हवे आणि मध्यरात्री बिघाड झाला तर दार उघडून आत जाण्याची मुभा हवी. यातली प्रत्येक गोष्ट प्रतिस्पर्ध्याच्या हातात असते.

अमेरिकेत १९८२ च्या समझोत्यानुसार १ जानेवारी १९८४ रोजी बलाढ्य एटी अँड टी कंपनीचे विभाजन झाले. दूर पल्ल्याच्या संभाषणात स्पर्धा आली, परंतु गावोगावची केंद्रे सात प्रादेशिक कंपन्यांच्या हाती जवळजवळ मक्त्यासारखीच राहिली. १९९२ मध्ये तेथील संघराज्य दळणवळण आयोगाने या कंपन्यांना फर्मावले की, प्रतिस्पर्ध्यांना केंद्रात जागा द्या. कंपन्या न्यायालयात गेल्या. १९९४ मध्ये अपील न्यायालयाने निर्णय दिला की, दुसऱ्याच्या इमारतीत तिसऱ्याला कायमचे बसवणे म्हणजे मालमत्ता ताब्यात घेणेच होय, आणि १९३४ च्या कायद्याने आयोगाला असा अधिकार दिलेला नाही. त्यावर काँग्रेसने १९९६ च्या कायद्यात स्पष्ट कलम घातले की, जागा द्यावीच लागेल. तांत्रिक कारणाने किंवा जागेच्या अभावी ते अशक्य असल्याचे सिद्ध केले तरच सुटका.

येथे प्रश्न संपायला हवा होता. वस्तुतः तो येथे सुरू झाला. कायद्याने ‘जागा द्या’ म्हटले, परंतु ती किती, केव्हा आणि कोणत्या अटींवर द्यायची याच्या किल्ल्या मालकाच्याच कमरेला राहिल्या. नव्या कंपनीचे एखाद-दुसरे कपाटाएवढे यंत्र असे. पण त्यासाठी तारेच्या जाळीचा स्वतंत्र पिंजरा उभारून घ्या, आणि तो निदान १०० चौरस फुटांचा, अशी अट सर्रास असे. पिंजऱ्याचा खर्च अर्थातच भाडेकरूचा. कोठे त्याच्या तंत्रज्ञाला पहारेकऱ्याविना आत पाऊल टाकता येत नसे, तर कोठे ‘जागा शिल्लक नाही’ असे थेट उत्तर मिळे. गंमत अशी की, जुन्या यांत्रिक स्विचांच्या जागी लहानशी इलेक्ट्रॉनिक यंत्रे आल्यापासून याच इमारतींतील दालनेच्या दालने रिकामी पडत चालली होती.

अखेर १९९९ मध्ये आयोगाला बारीकसारीक नियम करावे लागले. पिंजऱ्याविना जागा द्या, किमान क्षेत्रफळाची अट नको. जागा नाही असे म्हणाल तर नाकारलेल्या कंपनीला सगळी इमारत फिरवून दाखवा. भरलेल्या केंद्रांची यादी जाहीर करा. तंत्रज्ञाला दिवसरात्र प्रवेश द्या. इतकेच नव्हे, तर त्याला गाडी उभी करू द्या आणि स्वच्छतागृह वापरू द्या, हेही लिहावे लागले! महासत्तेच्या दळणवळण आयोगाला स्वच्छतागृहाचा हुकूम काढावा लागतो, यातच मालक आणि भाडेकरू यांच्या संबंधांचे सारे चित्र येते. पुढच्या वर्षी ९० दिवसांची मुदतही ठरली.

मालकाच्या बाजूने काहीच म्हणण्याजोगे नाही, असे नव्हे. ‘आम्ही बांधले, आम्ही सांभाळतो, कोणीही येऊन कोणतेही यंत्र कोणत्याही कोपऱ्यात ठेवील तर केंद्र चालवायचे कसे?’ हा आक्षेप रास्त आहे, आणि मार्च २००० मध्ये न्यायालयाने आयोगाचे काही नियम याच कारणास्तव रद्दही केले. शिवाय २००१ मध्ये नॉर्थपॉइंट, रिदम्स, कोव्हॅड या नव्या कंपन्यांनी दिवाळखोरी जाहीर केली, त्याचे सगळे खापर जागेवर फोडता येणार नाही. कर्जाचे डोंगर त्यांनी स्वतःच रचले होते. परंतु कर्जावर उभ्या असलेल्या कंपनीला महिनोन्‌महिने दारात ताटकळत ठेवणे हे मालकाचे सर्वांत स्वस्त हत्यार असते. त्याला नकार द्यावा लागत नाही. केवळ उशीर करावा लागतो.

ब्रिटनने निराळी वाट धरली. तेथेही प्रथम अर्ज, तक्रारी आणि दिरंगाई यांचाच सुकाळ होता. २००५ मध्ये नियामकाने ब्रिटिश टेलिकॉमकडून हमी घेतली, आणि २००६ च्या जानेवारीत तारा व केंद्रातील प्रवेश सांभाळणारा ‘ओपनरीच’ हा वेगळा विभाग निघाला. त्याने स्वतःच्या मातृसंस्थेला आणि परक्या कंपनीला एकाच दराने, एकाच मुदतीत सेवा द्यायची होती. त्यानंतरच्या काही वर्षांत लक्षावधी तारा प्रतिस्पर्ध्यांच्या यंत्रांना जोडल्या गेल्या. घरमालकाने सज्जन व्हावे अशी अपेक्षा न ठेवता इमारतीचा कारभारी आणि दुकानदार वेगळे केले, हे त्यातले मर्म.

आपल्याकडे काय झाले? एप्रिल २००४ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने शिफारस केली की, भारत संचार निगम आणि महानगर टेलिफोन निगम यांच्या तांब्याच्या तारा स्पर्धकांना खुल्या कराव्यात. ऑक्टोबरमध्ये सरकारचे ब्रॉडबँड धोरण आले, त्यात ही गोष्ट तारांच्या मालकाच्या व्यापारी मर्जीवर सोपवण्यात आली. २०१० पर्यंत २ कोटी ग्राहक हे धोरणाचे उद्दिष्ट होते. त्या वर्षअखेर संख्या सुमारे १ कोटी १० लाखांवर होती. याचे कारण हे एकच, असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु ज्या तारांवर स्पर्धकांनी भाडे भरले असते, त्या पुढे मोबाइलच्या लाटेत निरुपयोगी ठरत गेल्या. भाडेकरू आला नाही म्हणून घरमालक काही श्रीमंत झाला नाही. आणि ही केंद्रे बांधली कोणी? टेलिफोनसाठी आगाऊ रकमा भरून वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्या नागरिकांनीच. ‘आम्ही बांधले’ हा युक्तिवाद येथे अमेरिकेतल्याहूनही लंगडा होता.

समुद्राखालून येणाऱ्या आंतरराष्ट्रीय केबलींच्या बाबतीत प्राधिकरण अधिक नेटाने वागले. विदेश संचार निगमचे नियंत्रण २००२ मध्ये टाटा समूहाकडे गेले, त्यानंतर केबली जेथे किनाऱ्यावर येतात ती केंद्रे मोजक्या खासगी हातांत होती. २००७ मध्ये तेथे इतरांना प्रवेश देण्याचा नियम झाला आणि २०१२ मध्ये जागेचे व प्रवेशाचे दरही ठरवून देण्यात आले. त्यावरचा न्यायालयीन वाद २०१८ पर्यंत चालला.

आता तांब्याचे युग सरले, तेव्हा या जुन्या तंट्याशी आपला संबंध काय, असे एखादा वाचक विचारील. २०१९ च्या पुनरुज्जीवन योजनेपासून दोन्ही निगमांच्या जमिनी व इमारतींतून पैसा उभारण्याचा विचार चालू आहे. ज्या वास्तूंत शहराच्या तारा एकत्र येतात त्या विकताना वा भाड्याने देताना तेथील सामायिक जागेचा हक्क राखून ठेवणार की नाही, याची चर्चा कानी येत नाही. तंटा तर केंद्रातून निघून आपल्या जिन्यापर्यंत आला आहे. नव्या गृहसंकुलात बिल्डर एखाद्याच कंपनीशी करार करतो, तारा नेण्याच्या नळ्या तिच्या ताब्यात जातात, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या शिक्षकाला दुसऱ्या कंपनीची सेवा हवी असली तरी तिची तार वर चढत नाही. अशा मक्तेदारीस आळा घालून इमारतीतील व्यवस्था सामायिक करावी, अशी शिफारस प्राधिकरणाने जानेवारी २०१७ मध्ये केली होती. सोसायटीच्या सभेपुढे असा करार येतो तेव्हा ‘भाडे किती मिळणार?’ एवढेच विचारले जाते. त्याच नळीतून दुसऱ्या कंपनीला तार ओढू देण्याचे कलम त्यात आहे की नाही, आणि ओढू द्यायची तर किती दिवसांत, हे सभासदांनी सहीपूर्वी चिटणिसांना विचारावे.