नवी ई-क्लास : कोणत्या सीटवरून बघायची?

गाड्यांचा विषय निघाला की आपल्या हॉस्टेलवर रात्रीचे दोन कधी वाजतात ते कळत नाही. किती बीएचपी, किती टॉर्क, शून्य ते शंभर किती सेकंदात, सगळं आपल्याला तोंडपाठ! ज्या गाडीत आपल्यापैकी एकही जण कधी बसलेला नाही, तिचे आकडे आपण झोपेतसुद्धा सांगू. उद्याच्या टीओएमच्या पेपरला काय येणार ते मात्र... असो.

या वादात मला एक गोष्ट कायम खटकते. गाडी भारी की बेकार, एवढंच आपण ठरवतो. ती कोणासाठी भारी, हे कोणी विचारत नाही. गाडीत सीट पाच असतात, आणि प्रत्येक सीटवरून तीच गाडी वेगळी दिसते. माझ्या गावचा, म्हणजे बीड तालुक्यातल्या लिंबागणेशचा, एक दादा पुण्यात एका साहेबांच्या गाडीवर ड्रायव्हर आहे. त्याला मी एकदा विचारलं, "दादा, मोठी गाडी चालवायला कसं वाटतं?" तो म्हणाला, "गाडीचं सुख मागं बसणाऱ्याला इचार. पुढं बसणाऱ्याला फकस्त काम असतंय." आमच्या एका तासाच्या लेक्चरमध्ये जे कळलं नसतं ते दादाने दोन वाक्यांत सांगितलं. म्हणून आज एक गाडी मुद्दाम सीट बदलत बदलत बघूया.

गाडी आहे मर्सिडीज-बेंझची नवी ई-क्लास. पूर्ण नव्याने डिझाइन केलेली ही गाडी ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतात आली. ती तयार होते आपल्या चाकणला. मर्सिडीजचं आणि महाराष्ट्राचं नातं तसं जुनं आहे. कंपनी भारतात आली १९९४ मध्ये, आणि १९९५ मध्ये पिंपरीला टेल्कोच्या आवारात पहिली ई-क्लास तयार झाली. गंमत म्हणजे ते मॉडेल तेव्हा जगात निरोपाच्या वाटेवर होतं, कारण त्याच वर्षी युरोपात पुढची ई-क्लास आली होती. थोडक्यात काय, तर तिकडचा उतरलेला शर्ट आपल्याला नवा म्हणून मिळाला. पुढे २००९ मध्ये चाकणचा कारखाना सुरू झाला. आणि २०१७ पासून चित्र पालटलं. त्या वर्षी कंपनीने भारतासाठी लांब व्हीलबेसची ई-क्लास आणली. अशी लांब ई-क्लास आधी चीनमध्ये मिळत होती, पण उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेली लांब ई-क्लास पहिल्यांदा आली ती आपल्याकडेच. म्हणजे आता शर्ट आपल्या मापाने शिवला जाऊ लागला!

माप कोणाचं घेतलं, हे मात्र बघायला हवं. युरोपातल्या नव्या ई-क्लासचा व्हीलबेस २९६१ मिलिमीटर, भारतातल्या गाडीचा ३०९४. हे जास्तीचे १३३ मिलिमीटर सगळेच्या सगळे मागच्या सीटवरच्या माणसाच्या पायांना दिलेले आहेत. बीएमडब्ल्यूनेही जुलै २०२४ मध्ये आपली ५ सिरीज भारतात लांब करूनच आणली, व्हीलबेस ३१०५. दोन्ही कंपन्यांनी एकच निष्कर्ष काढला, की भारतात गाडी घेणारा माणूस गाडी चालवत नाही, मागे बसतो.

आता त्या मागच्या सीटवर बसून बघू. पाठ मागे कलते, मांडीखालची गादी पुढे येते, खिडक्यांना पडदे आहेत, आणि पुढची डावी सीट मागूनच बटण दाबून सरकवता येते. पण खरी कमाल आहे ती व्हीलबेसची. एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून घाट उतरलेल्या प्रत्येकाला हे समजेल. तो बाक मागच्या चाकांच्याही मागे असतो, त्यामुळे खड्डा आला की माणूस टपाला लागायचा बाकी राहतो. याउलट दोन चाकांच्या मध्ये जितकं बसाल तितका झोका कमी. शिवाय पुढचं चाक दहा सेंटिमीटरच्या उंचवट्यावर चढलं, तर २४५० मिलिमीटर व्हीलबेसची स्विफ्ट साधारण २.३ अंश कलते, ही ई-क्लास १.९ अंशांच्या आत राहते. (स्प्रिंग किती दबते ते सध्या सोडून द्या.) आकडा छोटा वाटतो, पण पाच तासांच्या प्रवासात मान आणि कंबर हाच आकडा मोजत असतात.

सुरक्षेतही गाडी पहिल्या बाकावरची आहे. युरो एनकॅपने २०२४ मध्ये तपासलेल्या सगळ्या गाड्यांत ई-क्लास सर्वोत्तम ठरली. पण इथे एक पण आहेच. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. तेही मर्सिडीजमध्येच मागच्या सीटवर होते, आणि त्यांनी बेल्ट लावला नव्हता असं पोलिसांनी सांगितलं. आराम जितका वाढतो तितका बेल्टचा विसर पडतो. पाठ मागे कलवून झोपलेल्या माणसाला एअरबॅग किती वाचवणार? मागच्या सीटसाठी बनवलेल्या गाडीत मागच्या माणसानेच बेल्ट लावला नाही, तर पाच स्टार कंपनीच्या जाहिरातीतच राहतात.

आता पुढे या, दादाच्या सीटवर. समोर ड्रायव्हरसाठी १२.३ इंचाचा स्क्रीन, मध्ये १४.४ इंचाचा, आणि शेजारच्या माणसासाठी आणखी एक १२.३ इंचाचा. डॅशबोर्डवर सेल्फी कॅमेरासुद्धा आहे! दिसायला सगळं झकास. पण एसी कमी करायचा असेल तर स्क्रीनवर बोट न्यायचं, आणि स्टिअरिंगवर आवाज कमी करायचा असेल तर बटण नाही, नुसता स्पर्श. आपण एर्गोनॉमिक्समध्ये काय शिकतो? चालवणाऱ्याची नजर रस्त्यावर राहिली पाहिजे आणि हाताला न बघता बटण सापडलं पाहिजे. काचेच्या पाटीवर बोटाला काय सापडणार! धूळ आणि बोटांचे ठसे मात्र त्या चकचकीत काळ्या प्लॅस्टिकवर लगेच सापडतात, आणि ते पुसायचं काम कोणाचं हे सांगायला नकोच.

हे माझ्या एकटीचं रडगाणं नाही. युरो एनकॅपने २०२६ च्या नियमांत इंडिकेटर, वायपर, हॉर्न यांसारख्या गोष्टींना खरं बटण किंवा दांडी असेल तरच पूर्ण मार्क, असं ठरवलं. खुद्द मर्सिडीजनेही २०२५ मध्ये आपल्या नव्या इलेक्ट्रिक जीएलसीच्या स्टिअरिंगवर फिरणारं चाक आणि दाबायचं बटण परत आणलं. जे दोन वर्षांत परत आणावं लागतं, ते काढलं कशाला होतं?

चांगल्या गोष्टीही सांगते, नाहीतर म्हणाल की हिला फक्त खोड्या काढता येतात. इंजिनं उत्तम आहेत. ई २०० पेट्रोल २०४ हॉर्सपॉवरचं, ई २२० डी डिझेल १९७ चं, आणि ई ४५० चं सहा सिलिंडरचं इंजिन ३८१ चं. तिन्हींना ४८ व्होल्टची माइल्ड हायब्रिड मोटर आहे, त्यामुळे सिग्नलला बंद झालेलं इंजिन धक्का न देता पुन्हा सुरू होतं. मागच्या पिढीत डिकीतली जागा खाणारी स्टेपनी आता तळाखाली गेली आहे. सामान ठेवायचं कोणाच्या हातात असतं? ड्रायव्हरच्याच. म्हणजे एक सुधारणा तरी दादाच्या वाट्याला आली!

आणि पाचवी सीट? मागच्या रांगेतली मधली. इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत न्यावी लागते, म्हणून गिअरबॉक्सकडून मागे जाणाऱ्या शाफ्टसाठी मधोमध उंच बोगदा आहे. त्यावर पाय ठेवायचे कुठे? साडेअठ्ठ्याहत्तर लाखांच्या गाडीत, लाँचच्या वेळी ई २०० ची एक्स-शोरूम किंमत एवढी होती, पाचवा माणूस काळी-पिवळीत बसल्यासारखाच बसणार.

उरला रस्ता. इथे मात्र मला माझं गाव आणावंच लागेल. योगायोग बघा, ही गाडी जिथे बनते त्या चाकणमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाचा नंबर ५४८ डी. मांजरसुंब्याहून लिंबागणेशवरून पाटोद्याकडे जाणाऱ्या आमच्या महामार्गाचाही नंबर ५४८ डी. म्हणजे नंबरापुरती तरी ई-क्लास आमची सख्खी शेजारीण. आणि "तुमच्याकडे मर्सिडीज घेतो कोण?" असं विचारू नका. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एका फटक्यात दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या, पासष्ट कोटींच्या. मराठवाड्याला कमी समजायचं काम नाही! चतुर्थीला आमच्या भालचंद्र गणपतीपुढे हार घातलेल्या नव्या गाड्या उभ्या राहतात, त्यात एखादी लांबलचक गाडी असायला काय हरकत आहे?

हरकत घेतो तो गतिरोधक. सगळे म्हणतात, गाडी लांब केली की पोट घासणार. म्हणून मी गणित करून बघितलं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद, मध्यावर १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येच्या गोलाईचा असावा. गाडी बरोबर मध्यावर आली की पोटाखालची किती उंची खाल्ली जाते? व्हीलबेसचा वर्ग भागिले आठ पट त्रिज्या. युरोपातल्या आखूड ई-क्लाससाठी उत्तर येतं ६.४ सेंटिमीटर, आपल्या लांब गाडीसाठी ७. फरक जेमतेम सहा मिलिमीटर! म्हणजे मानकाप्रमाणे बांधलेल्या गतिरोधकावरून ही गाडी खुशाल जाईल. लांबी हा दोषच नाही.

मग पोट घासतं कशाने? तर गावोगावी रात्रीतून उगवणाऱ्या गतिरोधकाने. हातभर रुंद, वीतभर उंच, ना पांढरे पट्टे ना पाटी. तो इतका अरुंद असतो की दोन्ही चाकं सपाटीवर आणि उंचवटा बरोबर पोटाखाली. तिथे व्हीलबेस किती याला काही अर्थ नाही. फक्त गाडी जमिनीपासून किती उंच एवढंच बघायचं, आणि सेडान म्हटली की ती बुटकीच. मागे दोन माणसं आणि डिकीत बॅगा असतील तर ती आणखी खाली बसते. हा ई-क्लासचा खरा कमकुवतपणा आहे, पण त्यातला अर्धा दोष रस्त्याचा आहे.

इथेच माझा मुद्दा संपतो की काय, असं मला वाटलं होतं. पण तो इथे सुरू होतो. त्याच गतिरोधकावरून एसटीतली म्हातारी माणसं जातात. दिवाळीनंतर बैलगाडी, ट्रक, ट्रॅक्टरमध्ये संसार भरून ऊसतोडीला निघालेली कुटुंबं जातात. दिवस भरलेली बाई जीपमधून बीडच्या दवाखान्यात जाते ती त्यावरूनच. या कोणाकडे ३०९४ मिलिमीटरचा व्हीलबेस नाही आणि मांडीखाली पुढे येणारी गादी नाही. मर्सिडीजचे इंजिनिअर एका माणसाच्या कमरेला हिसका बसू नये म्हणून वर्षानुवर्षं डोकं लावतात, आणि ते चांगलंच करतात. पण ज्या हिसक्यासाठी स्प्रिंग, डँपर, व्हीलबेस एवढं सगळं लागतं, तो हिसका मुळात रस्त्यावर असायलाच नको, हे बघणारा इंजिनिअर कुठे आहे? तो आपल्याच कॉलेजात, सिव्हिलच्या वर्गात शेवटच्या बाकावर झोपलेला असू शकतो! (सिव्हिलवाल्यांनो, रागावू नका. मेकॅनिकलवालेही तिथेच झोपतात.)

म्हणून माझा निकाल सांगते. नवी ई-क्लास ही मागे डाव्या बाजूला बसणाऱ्या माणसासाठी बनवलेली अप्रतिम गाडी आहे. त्या सीटला मी डिस्टिंक्शन देईन. ड्रायव्हरच्या सीटला फर्स्ट क्लास, पण बटणांच्या पेपरात एटीकेटी. मधल्या सीटला ग्रेस देऊनही पास करता येणार नाही. गाडी वाईट नाही, उलट ती ज्याच्यासाठी काढली त्याचं काम चोख करते. तक्रार एवढीच की ती ज्याच्या हातात असते, त्याला डिझाइन करताना कमी विचारलं गेलं. मालक दिवसातले दोन तास मागे बसतो. दादा बारा तास पुढे बसतो.

उद्या आपल्यातले काही जण चाकणला, रांजणगावला, शेंद्र्याला कामाला लागतील. कोणी बटणाची जागा ठरवेल, कोणी सीटचा फोम, कोणी गतिरोधकाचं टेंडर. तेव्हा समोरच्या ड्रॉइंगला एक साधा प्रश्न विचारायची सवय आत्ताच लावूया. हे कोणासाठी आहे, आणि ते वापरणाऱ्याला कोणी विचारलंय का? कॅन्टीनमधल्या पुढच्या वादातही शून्य ते शंभर जरा बाजूला ठेवा. ई ४५० साडेचार सेकंदांत शंभर गाठते, हे मलाही माहीत आहे. आमच्या रस्त्यावर मात्र तिला साडेचार सेकंदांत पुढचा गतिरोधक गाठतो!