आत्मबळ कोणाकडे मागावे?

पुण्यातील एका लेखापरीक्षण कंपनीत रुजू होऊन चारच महिने झालेली सव्वीस वर्षांची सनदी लेखापाल जुलै 2024 मध्ये मरण पावली. कामाच्या अतिरेकाने ती गेली, असे तिच्या आईने लिहिले. कंपनीने ते नाकारले. सप्टेंबरात केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन बोलल्या, त्याचा आशय असा, की ताण पेलण्याची शिकवण घरातून मिळावी आणि आत्मबळ देवाच्या आधारानेच वाढते. दोष मुलीला दिला नव्हता, हा त्यांचा खुलासा आम्हांस मान्य. तरीही ते बोल बोचले. कारण वेदीवरून आम्हीही हेच सांगत आलो.

श्रद्धा बळ देते, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. पण एलिया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवदूताने त्याला श्रद्धेचे पाठ दिले नाहीत. उशाशी भाकर व पाणी ठेवले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा जेवू घातले. होरेबची वाट त्यानंतर. विसाव्याची आज्ञादेखील घरधन्याला उद्देशून आहे: चाकराला आणि गुरांनाही विसावा हवा. कामगाराला पिळून काढणे तेराव्या लिओंनी 1891 मध्येच अन्याय्य ठरविले. महाराष्ट्राच्या 2017 च्या कायद्याने आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली. मालकाने ती मोडावी आणि आम्ही थकलेल्याच्या हाती केवळ जपमाळ द्यावी, हे कसले मेंढपाळपण?

परभणी, सेलू, जिंतूरहून पुण्यास गेलेली मुले नाताळला घरी येतात. प्रार्थना करता का, हे आम्ही विचारतोच. आता त्याआधी विचारतो, झोप किती मिळते?