लहान मेंदूतली नवी लागवड

चालताना तोल जातो, बोलताना शब्द अडखळतात. लहान मेंदूचा आनुवंशिक ऱ्हास काही घरांत पिढ्यान्‌पिढ्या उतरतो. तो थांबवणारे औषध अजून हाती नाही. अशा कुटुंबांना पेशी-उपचारांच्या जाहिराती भुरळ घालत असताना खरे विज्ञान कुठवर पोहोचले, हे सांगणे आम्हाला निकडीचे वाटले.

१९८०च्या दशकात पॅरिसमध्ये सोटेलो आणि अल्वारादो-मायार या संशोधकांनी पुर्किंजे नावाच्या चेतापेशी गमावलेल्या उंदरांच्या लहान मेंदूत निरोगी भ्रूण-ऊती रोपली. नव्या पेशी रिकाम्या जागी सरकल्या, जुन्या चेतापेशींशी जोडल्या गेल्या; मात्र त्यांचे तंतू मेंदूतल्या खोल केंद्रांपर्यंत क्वचितच पोहोचले. ही आशा आणि हे अंतर, दोन्ही या अंकात मांडले आहे. रुग्ण, नातेवाईक, डॉक्टर, सर्वांनी आम्हाला जरूर लिहावे.