गिटारची कंबर आणि खराट्याची हीर

गेल्या सुट्टीत माझ्या भाचीने हट्टच धरला, "मामा, विकतची नको, आपणच इलेक्ट्रिक गिटार करू या!" तिच्या मैत्रिणीची गिटार दोन दिवसांसाठी मिळाली. मोठ्या कागदावर ती आडवी ठेवून आम्ही कडेने पेन्सिल फिरवली. शेजारी पट्टीने बरोब्बर ३०० मिलिमीटरची रेघ मारली. कागदाचा सरळ वरून फोटो घेऊन तो कॅडमध्ये लावला आणि ती रेघ ३०० भरेपर्यंत चित्र लहान-मोठं केलं. इथवर सगळं ठीक!

मग मी कडेकडेने टिचक्या मारत सुटलो. टिक, टिक, टिक! तब्बल ७४ बिंदू. पडद्यावर आकार कसा हुबेहूब! जुन्या दाराची सागवानी फळी होती एकच. ती कापून आणली. कडेवरून हात फिरवला, तर काय? सगळ्या लाटाच लाटा. जणू उंदरांनी कुरतडलीय! भाची काही बोलली नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

चूक कुठे झाली, ते पाहायचंय? मग खराट्यातली एक लांब हीर घ्या, पाण्यात भिजवा. फळीवर तीन-चार खिळे लांब लांब ठोका (मोठ्यांना विचारून हं!) आणि हीर त्यांतून वाकवून न्या. कशी झोकदार वळते! आता मधे आणखी दहा खिळे ठोका, थोडे इकडे, थोडे तिकडे. हीर बिचारी वेडीवाकडी होईल, नाहीतर मोडेल. माझंही तेच झालं. दर टिचकीला हात केसभर हलला, आणि रेषेला तर प्रत्येक बिंदूतून जावंच लागतं.

जहाजं बांधणारे पूर्वी असंच करायचे बरं का! लाकडाची लवचीक पट्टी शिशाच्या वजनांनी दाबून धरायची आणि तिच्या कडेने रेघ ओढायची. त्या पट्टीचं नाव स्प्लाइन. आज कॅडमधल्या वक्ररेषेलाही तेच नाव आहे. पुढे फ्रान्समध्ये मोटारींचे आकार काढताना नवी युक्ती निघाली. सिट्रोएन कंपनीतल्या पॉल द कास्तेल्झो यांनी १९५९ मध्ये ती शोधली, पण कंपनीने गुपित ठेवली. रेनो कंपनीतल्या पिएर बेझिए यांनी १९६० नंतरच्या दशकात आपलं काम प्रसिद्ध केलं, म्हणून वक्राला नाव पडलं बेझिए! कास्तेल्झोंची मला जरा दयाच येते.

या वक्राला दोन टोकं आणि दोन मुठी. रेषा टोकातून मुठीच्या दिशेने निघते, पण मुठीला शिवत नाही. मूठ ओढली की वळण फुगतं. गिटारला बिंदू द्यायचे ते मोजक्याच जागी: जिथे ती सगळ्यात रुंद, जिथे कंबर सगळ्यात बारीक, आणि जिथे वळण आतून बाहेर पलटतं तिथे. रुंद जागी आणि कंबरेत मुठी मधल्या रेषेला समांतर ठेवा. एका बिंदूच्या दोन्ही मुठी एकाच सरळ रेषेत हव्यात, नाहीतर तिथे टोक येतं.

दुसऱ्या खेपेला आमचे १४ बिंदू पुरले. फ्रीकॅड हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम वक्राचा 'कंगवा' दाखवतो. वळण जितकं घट्ट, तितका दात लांब. नव्या रेषेचे दात हळूहळू वाढत-घटत होते. जुन्या रेषेचे? करवतीसारखे!

पण फळी तर कापून झाली होती ना? इथे दुसऱ्या एका चुकीने वाचवलं. पेन्सिल ७ मिलिमीटर जाड. तिचं टोक मधोमध, म्हणजे आमची रेघ मुळातच सगळीकडून साडेतीन मिलिमीटर बाहेर पडली होती! आम्ही नव्या रेषेचा पुठ्ठा कापला, तोही तेवढाच आत घेऊन. मग कानस आणि पॉलिशपेपर घेऊन चार दिवस घासत बसलो. लाटा सगळ्या त्या साडेतीन मिलिमीटरमध्येच संपल्या. आता भाची तारा लावायची वाट बघतेय.